तेलाचे सूत : भिवंडी आणि उत्तरदायित्वाचा इतिहास

तेल उद्योगाच्या सामाजिक उत्तरदायित्वाविषयी लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप समुद्राकडे वळते. मुंबई हाय, उरण, ट्रॉम्बे, माहुल, अलीकडच्या काळातले नाणार आणि बारसू. या नामावळीत भिवंडी कोणी घालत नाही, आणि वरवर पाहता ते बरोबरही आहे. भिवंडीत तेलविहीर नाही, शुद्धीकरण कारखाना नाही, रात्री आकाश तांबूस करणारी ज्वाळा नाही. तिथे आहेत ते यंत्रमाग, गोदामे, मालमोटारी आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते. तरीही आम्ही या लेखाची सुरुवात भिवंडीपासून करीत आहोत. गेली चार दशके भिवंडीच्या मागांवर जे विणले जाते, त्याचा फार मोठा भाग मुळात तेलच असतो. ते तेल पिंपातून येत नाही, कोनावर गुंडाळलेल्या सुताच्या रूपाने येते, एवढाच फरक.

अमिताव घोष यांनी १९९२ साली अब्देलरहमान मुनीफ यांच्या तेलविषयक कादंबऱ्यांचे परीक्षण करताना एक प्रश्न उपस्थित केला होता. मसाल्यांच्या व्यापाराने जर इतके वाङ्मय निर्माण केले, तर विसाव्या शतकाला आकार देणाऱ्या तेलाने साहित्यात इतके मौन का पाळले? त्यांनी त्यासाठी 'पेट्रोफिक्शन' हा शब्द वापरला आणि पुढे तो विद्यापीठांतून रूढ झाला. मराठीच्या अभ्यासकांनी हा प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहिला, तर त्याचे एक उत्तर असे निघते की तेल आपल्याकडे तेलाच्या वेषात फारसे आलेच नाही. ते दिव्यात रॉकेल म्हणून आले, अंगावर टेरिकॉट म्हणून आले, हातात पिशवी म्हणून आले. ज्याला आपण ओळखलेच नाही त्याच्याविषयी लिहिणार कसे?

रॉकेल हा शब्दच पाहा. 'रॉक ऑइल' या दोन परक्या शब्दांना मराठीने असे काही घासले की तो कोकणातल्या कुठल्याही शब्दाइतका घरचा झाला. घासलेटचेही तेच. 'गॅसलाइट' या दिव्याच्या नावावरून तो दिव्यात घालायच्या तेलाला चिकटला. परकी वस्तू आपलीशी करण्याची भाषेची ही ताकद कौतुकास्पद खरी. पण तिच्यामुळे त्या वस्तूच्या मालकाचे नाव पुसले जाते, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. बर्मा-शेलच्या डब्यावर कंपनीचे नाव होते, डब्यातले तेल मात्र नुसते रॉकेल होते.

भिवंडीच्या विणकामाचा इतिहास सुताच्या, म्हणजे कापसाच्या, इतिहासाने सुरू होतो. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. उठाव मोडल्यानंतरचा छळ, दुष्काळ आणि मँचेस्टरच्या कापडाने बुडवलेला धंदा ही त्यामागची कारणे. त्यांतली काही मालेगावला थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात वीज आली तसे हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. हे माग पुष्कळदा मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले असत. गिरणीत निकामी ठरलेले यंत्र भिवंडीत आणखी तीस-चाळीस वर्षे चाले. काटकसरीचा हा गुण टिकाऊपणाच्या आजच्या परिभाषेत गौरवला जायला हवा होता. प्रत्यक्षात त्याची नोंद मागासलेपणा म्हणून झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. त्या काळात मुंबईतल्या गिरण्यांचे कापड बाजारात पूर्णपणे थांबले नव्हते. ते भिवंडीत विणले जात होते, आणि त्यावर गिरणीचा शिक्का मारला जात होता. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज या शिक्क्यात आहे. नाव गिरणीचे, मेहनत भलत्याची, आणि त्या मेहनतीची जबाबदारी घेणारा मालक कागदोपत्री कुठेच नाही. गिरणीत निदान भविष्यनिर्वाह निधी होता, युनियन होती, पाळणाघर असायला हवे असा कायदा होता. भिवंडीच्या मागाखाली यांपैकी बहुतेक काही नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार लागत. म्हणून एकाच छपराखालचे माग चार भावांच्या, प्रसंगी भावजयांच्या नावांवर वाटले जात. कायद्याची अशी वाटणी हा भिवंडीचा खास शोध नव्हे, तो देशभरच्या लघुउद्योगाचा वारसा आहे.

मराठी साहित्याने गिरणी पाहिली. नारायण सुर्वे यांनी गिरणगाव कवितेत आणला, जयंत पवार यांनी 'अधांतर' नाटकात संपानंतरची पडझड मांडली. मागाचे साहित्य मात्र त्या मानाने फारच थोडे. याची एक साधी कारणमीमांसा अशी की भिवंडीच्या कामगाराची भाषा मराठी नव्हती. तो उर्दू, भोजपुरी किंवा तेलुगू बोलत होता. पद्मशाली समाजाची मोठी वस्ती तिथे आहे, आणि आजमगड-गोरखपूरकडून येणारा ओघ तर अखंड. हिंदीत अब्दुल बिस्मिल्लाह यांनी बनारसच्या विणकरांवर कादंबरी लिहिली. भिवंडी मात्र मराठी वाचकाला माहीत झाली ती प्रामुख्याने १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे.

आता तेलाकडे येऊ.

पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली मँचेस्टरच्या एका छापील कापडाच्या संस्थेत काम करणाऱ्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला. ज्या मँचेस्टरने आपला हातमाग मोडला त्याच मँचेस्टरने कापसाचा पर्यायही काढावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. साठच्या दशकात हा धागा 'टेरिन' या नावाने भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर, ठाण्याला, बनू लागला. त्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल की टेरिलीनचा शर्ट म्हणजे काय प्रतिष्ठा होती. इस्त्री न मोडणारा, धुतला की तासाभरात वाळणारा, आणि मे महिन्याच्या उन्हात अंगाला चिकटणारा तो शर्ट लग्नाच्या वराला हवाच असे. सरकारच्या दृष्टीने तो चैनीचा माल होता आणि त्यावर जबर कर होता. गरिबाने सुती नेसावे, श्रीमंताने टेरिलीन घालून तिजोरी भरावी, असा त्यामागचा समाजवादी हिशेब.

दरम्यान समुद्रात तेल सापडले होते. भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी साठच्या दशकात खंबातच्या आखातात आणि मुंबईच्या पश्चिमेला भूकंपीय पाहणी केली होती. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तराफ्याने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल काढून दाखवले. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले, आणि दोन वर्षांनी समुद्राखालची वाहिनी उरणला पोचली. योगायोग असा की सागर सम्राटला तेल लागल्यानंतर महिन्याभरातच, मार्च १९७४ मध्ये, देशाचा पहिला जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा संमत झाला. तेल आणि त्याच्या डागांविषयीची कायद्याची जाणीव अशी एकाच वर्षी जन्मली. मात्र दोघांची वाढ सारख्या वेगाने झाली नाही.

तेल कंपन्यांशी आपल्या सरकारचा पहिला मोठा करार १९५१ चा. स्टँडर्ड व्हॅक्युम आणि बर्मा-शेल यांनी ट्रॉम्बे-माहुल परिसरात शुद्धीकरण कारखाने काढावेत, आणि त्या बदल्यात पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी त्यांना मिळाली. या कारखान्यांतून तेल बाहेर पडू लागले ते १९५४-५५ मध्ये. १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स सरकारने ताब्यात घेतल्या; आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या त्यांच्याच वारस. मालक बदलला, चिमण्या त्याच राहिल्या, आणि माहुलच्या कोळ्यांच्या दृष्टीने राष्ट्रीयीकरणाचा अर्थ शोधणे कठीण होते. ट्रॉम्बेत आणखी एक कंपनी होती. युनियन कार्बाइडने १९६६ च्या सुमारास तिथे नॅफ्था भंजनाचा देशातला पहिला कारखाना काढला होता. भोपाळचे नाव घेताना आपण कीटकनाशकच आठवतो. पण ती कंपनी आपल्याकडच्या पेट्रोरसायन उद्योगाच्या आद्य घटकांपैकीही एक होती.

या तेलाचे सूत कसे होते हे थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा हवेत राहील. कच्च्या तेलातून नॅफ्था निघतो. नॅफ्थापासून एका वाटेने पॅराझायलीन आणि त्यातून पीटीए नावाची पांढरी भुकटी मिळते. दुसऱ्या वाटेने इथिलीन आणि त्यातून ग्लायकॉल हा द्रव. साधारण ८६० ग्रॅम भुकटी आणि ३४० ग्रॅम द्रव यांचा संयोग केला, की पाणी बाहेर पडून एक किलो पॉलिएस्टर उरते. ते वितळवून बारीक छिद्रांतून ओढले की धागा. या धाग्याला पीळ आणि फुगारा देऊन तो भिवंडी, सुरत, मालेगाव, इचलकरंजी येथे जातो. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ साली सुरू झाला, म्हणजे नेमका संपाच्या वर्षी. एकीकडे कापसाचे कापड विणणाऱ्या गिरण्या बंद पडत होत्या. दुसरीकडे तेलाचे सूत बाजारात येत होते. आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीवर भिवंडी उभी होती. जून १९८५ च्या वस्त्रधोरणाने उरलेला अडसर काढला. सुती आणि कृत्रिम धाग्यांत भेद करायचा नाही, गिरणी आणि यंत्रमाग यांना धोरणात एका पातळीवर धरायचे, असे त्याचे सूत्र होते. पुढच्या पंधरा वर्षांत टेरिलीन चैनीची वस्तू उरली नाही. उलट सुती कापडच महाग झाले आणि गरिबाच्या अंगावर तेल आले.

मागच्या पिढीतल्या काही विचारवंतांनी या बदलाकडे केवळ सांस्कृतिक ऱ्हास म्हणून पाहिले. आम्हांला ते पटत नाही. एका साडीत तीन वर्षे काढणाऱ्या मोलकरणीला लवकर वाळणारे, न फाटणारे कापड मिळाले, ही मोठी गोष्ट होती. खादीची थोरवी सांगणाऱ्यांनी खादी धुण्याचे कष्ट फारसे केलेले नसतात. प्रश्न धाग्याचा नाहीच. ज्याने तो धागा बाजारात आणला त्याचे उत्तरदायित्व कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा आहे.

'जबाबदारी' या फारसी वळणाच्या शब्दात 'जवाब' आहे, 'उत्तरदायित्व' या संस्कृत वळणाच्या शब्दात 'उत्तर' आहे. दोन्हींत कोणीतरी विचारणारा गृहीत आहे. उत्तर देण्यासाठी आधी प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो. तेल उद्योगाच्या बाबतीत हा अधिकार मुख्यतः अपघातांनी मिळवून दिला. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले : घातक धंदा करणाऱ्याने झालेल्या हानीची भरपाई केलीच पाहिजे, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. जगात इतक्या स्पष्टपणे हे तत्त्व फार थोड्या न्यायालयांनी मांडले होते.

तत्त्व आणि व्यवहार यांतले अंतर मात्र आपल्या किनाऱ्यावर वारंवार दिसले. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हायच्या उत्तर फलाटाला एक साहाय्यक जहाज आदळले, वायुवाहिनी फुटली आणि आग लागली. ३८४ जणांपैकी ३६२ वाचले, २२ दगावले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात त्याच क्षेत्रात काम करणारा पी-३०५ हा निवासी तराफा आणि 'वरप्रदा' ही टग बोट बुडून ऐंशीहून अधिक माणसे गेली. या दोन घटनांतला एक फरक अभ्यासकांनी लक्षात घ्यावा. २००५ मध्ये प्रश्न कंपनीच्या फलाटाचा होता. २०२१ मध्ये मेलेली बहुतेक माणसे ठेकेदारांची आणि ठेकेदारांच्याही पोटठेकेदारांची होती. वादळाचा इशारा मिळूनही तराफा तिथे का राहिला, याचे उत्तर देताना प्रत्येक जण बोट शेजाऱ्याकडे दाखवीत होता. भिवंडीच्या मागवाल्याला हा खेळ नवा नव्हता.

'शाश्वत' या शब्दाविषयीही थोडे. इंग्रजीतल्या कल्पनेला पर्याय म्हणून मराठीने हा शब्द उचलला, आणि संस्कृतात ज्याचा अर्थ 'सदासर्वदा असणारे' असा आहे ते विशेषण तेलासारख्या क्षणभंगुर द्रव्याला चिकटवण्याची वेळ वार्षिक अहवालांच्या भाषांतरकारांवर आली. मुंबई हायचा इतिहास या शब्दाची कसोटी पाहतो. ऐंशीच्या दशकात परकीय चलनाची चणचण होती, प्रत्येक पिंप देशात निघाले तर हवे होते, आणि विहिरींवर ताण टाकला गेला. नव्वदच्या आसपास उत्पादन झपाट्याने घसरले, कित्येक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या, आणि साठ्याचा अतिउपसा झाला ही टीका जाहीरपणे झाली. त्याच वर्षांत तेलाबरोबर वर येणारा वायू वापरायची सोय पुरेशी नसल्याने तो समुद्रावर जाळला जात होता. पुढे २००० नंतर पुनर्विकासाची मोठी योजना हाती घेऊन घसरण थोपवली गेली. शेतकरी ज्याला 'बी मोडून खाणे' म्हणतो, त्याहून यात वेगळे काही नव्हते.

यानंतर उत्तरदायित्व कायद्यात आले ते २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने. १ एप्रिल २०१४ पासून, निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असा नियम झाला. दान सक्तीचे करणारा असा कायदा इतरत्र क्वचितच आढळतो. शाळांना बाके, गावांना शौचालये, रुग्णालयांना यंत्रे मिळाली. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या पैशातून काय काय झाले हे सांगताना महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालातला एक उतारा टाळता येत नाही. पाच सरकारी तेल कंपन्यांनी २०१६-१७ मध्ये गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या प्रकल्पाला याच खात्यातून १४६ कोटी ८३ लाख रुपये दिले होते; हा खर्च त्या खात्यात बसत नाही, असा आक्षेप लेखापरीक्षकांनी नोंदवला.

त्यापेक्षाही आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्या कलमातली एक सूचना. कंपनीने ज्या परिसरात ती काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. सूचना न्याय्य आहे. फाटकाबाहेरच्या गावाला धूर मिळतो तर शाळाही मिळावी. पण तेलाच्या बाबतीत 'स्थानिक' म्हणजे काय? माहुल स्थानिक, उरण स्थानिक, नागोठणे स्थानिक. आणि जिथे ते तेल सूत होऊन मागावर चढते, तिथले कामगार बारा-बारा तास नव्वद डेसिबलची मर्यादा ओलांडणाऱ्या आवाजात उभे असतात आणि चाळिशीत बहिरे होतात, ती भिवंडी कोणाच्याही नकाशावर स्थानिक नाही.

अर्थात फाटकाच्या आतला प्रश्नही सुटलेला होता असे नाही. माहुल-आंबापाडा परिसरातल्या हवेविषयी रहिवाशांनी हरित लवादाकडे दाद मागितली. १३ ऑगस्ट २०२० रोजी लवादाने एजिस लॉजिस्टिक्सला १४२ कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियमला ७६ कोटी ५० लाख, भारत पेट्रोलियमला ६७ कोटी ५० लाख आणि सी लॉर्ड कंटेनर्सला २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. तक्रारीपासून या आकड्यांपर्यंत सहा-सात वर्षे गेली होती. रस्तारुंदीकरणात आणि जलवाहिनीलगत घरे गमावलेल्या कुटुंबांना महापालिकेने दरम्यानच्या काळात याच माहुलमध्ये नेऊन वसवले होते.

फाटकाबाहेर पडलेल्या तेलाचे काय होते, याची सर्वांत भीषण आठवण नाशिक जिल्ह्यातली आहे. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघालेली वाहिनी सह्याद्री ओलांडून मनमाडजवळच्या पानेवाडीला पोचते. तिथल्या डेपोंतून टँकर भरतात. पेट्रोल-डिझेलमध्ये सवलतीचे रॉकेल मिसळण्याचा धंदा त्या परिसरात राजरोस चालत असे, कारण दोहोंच्या किमतींत मोठी तफावत होती. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी असा एक प्रकार पाहिला, गाडी थांबवली, आणि त्यांना तिथेच पेटवून देण्यात आले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, भर दिवसा. त्यानंतर काही दिवस राज्यभर छापे पडले, मोर्चे निघाले. टँकर डेपोच्या दारातून बाहेर पडला की त्यातल्या तेलाशी कंपनीचा संबंध किती उरतो, हा प्रश्न मात्र छाप्यांइतका रेटून कोणी विचारला नाही. सोनवणे ज्या मालेगावचे अधिकारी होते तेही यंत्रमागांचेच गाव, हा योगायोग आम्ही केवळ नोंदवून ठेवतो.

आता पुन्हा भिवंडीत. एव्हाना तिथले मागच केवळ तेलावर चालत नव्हते. मुंबईची जकात चुकवण्यासाठी पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडे अशा गावांच्या हद्दीत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आल्यावर जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली, कारण आता घरपोच खरेदीचे युग आले होते. या गोदामांत द्रावकांची आणि रसायनांची पिंपेही असतात, परवानगीने आणि परवानगीशिवायही; आणि दर उन्हाळ्यात तिथे कुठले ना कुठले गोदाम पेटल्याची बातमी येते. साठवणाऱ्याला गोदाममालक माहीत नसतो, गोदाममालकाला पिंपात काय आहे ते माहीत नसते, आणि ग्रामपंचायतीला दोघेही.

२०२० च्या एप्रिलमध्ये ही सारी साखळी एकदम थांबली. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर गेला. तेल नेणाऱ्यालाच पैसे द्यायची वेळ आली. माग महिनाभर बंद होते. मागावरचे एकटे कामगार जिथे महिन्याच्या बोलीवर जेवतात त्या 'बिसी' उधारीवर किती दिवस चालणार होत्या? माणसे नाशिकच्या महामार्गाने चालू लागली. मेच्या पहिल्या काही दिवसांत भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली. महाराष्ट्रातून सुटलेल्या अशा पहिल्या गाड्यांपैकी ती होती. तेल आणि विणकर या साखळीची दोन टोके एकाच पंधरवड्यात निरुपयोगी ठरली होती. तेलासाठी निदान साठवायला टाक्या होत्या.

त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत तेल कंपन्यांची भाषा झपाट्याने बदलली. भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी २०४० पर्यंत, तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने २०३८ पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले. ही ध्येये बारकाईने वाचली तर दिसते की ती कंपनीच्या स्वतःच्या कामकाजापुरती आणि विकत घेतलेल्या विजेपुरती आहेत. विकलेले तेल ग्राहकाने जाळल्यावर जो धूर होतो तो हिशेबाच्या तिसऱ्या वर्तुळात पडतो, आणि ते वर्तुळ ध्येयाच्या बाहेर आहे. तेलाच्या एकूण धुरातला बहुतांश याच वर्तुळातला. पॉलिएस्टर तर जाळलेही जात नाही. ते विणले जाते, धुतले जाते, त्याचे सूक्ष्म तंतू नाल्यातून कामवारी नदीत आणि तिथून खाडीत जातात. २०२२ च्या प्लास्टिक नियमांनी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली, पण ती वेष्टनांपुरती. ज्या पिशवीत साडी येते ती पिशवी उत्पादकाच्या जबाबदारीत मोडते, आणि त्याच कुळातली साडी मोडत नाही. बाटल्या वितळवून केलेले सूत हल्ली पर्यावरणस्नेही म्हणून अधिक भावाने विकले जाते. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. शर्टाचा पुन्हा शर्ट होणे अद्याप दुर्मीळ आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना उत्तरदायित्व आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पुढे पुरवठा साखळीतल्या भागीदारांचीही माहिती द्यावी, असे ठरले. हा विचार आम्हांला या सबंध इतिहासातला सर्वांत आशादायक वाटला होता, कारण फाटकाबाहेर पाहण्याची ती पहिली सक्ती ठरली असती. २०२४ च्या डिसेंबरात ती सक्ती ऐच्छिक झाली, आणि भागीदार म्हणजे कोण याची व्याख्या अशी ठरली : कंपनीच्या एकूण खरेदीत किंवा विक्रीत ज्याचा वाटा मूल्याने दोन टक्के किंवा अधिक आहे तो.

भिवंडीतला चोवीस मागांचा मालक सूत विकत घेत नाही. सूत व्यापाऱ्याचे असते, ते कोनांवर येते, मागावर चढते आणि कोरे कापड होऊन व्यापाऱ्याकडे परत जाते. मालकाला मिळते ती मजुरी, दर पिकामागे काही पैसे अशी. त्यातून वीज, भाडे आणि कामगाराचा मीटरवरचा दाम भागवायचा. मजुरीचा भाव पडला की तो मागच भंगारात काढतो, आणि भंगारवाला लोखंडाचा किलोमागे भाव करतो. चोवीस मागांचा हा मालक, त्याच्या मागांवर बारा तास उभा राहणारा विणकर आणि त्याला जेवू घालणारी बिसी यांपैकी कोणाचाही वाटा कुठल्याच तेल कंपनीच्या विक्रीत दोन टक्के भरत नाही.